दहा माणसांच्या कार्यालयाचा राउटर

इंटरनेट जोडून देणारा तंत्रज्ञ अर्ध्या-पाऊण तासात काम उरकतो. भिंतीवर पेटी लागते, हिरवे दिवे लुकलुकतात, कुणाच्या तरी मोबाइलवर व्हिडिओ सुरू होतो आणि तो म्हणतो, ‘‘झालं साहेब, नेट चालू आहे.’’ त्याचे म्हणणे खरेच असते. बाहेरची वायर आत आणून नेट सुरू करून देणे एवढीच त्याची जबाबदारी होती. पण कार्यालयातल्या कोणत्या यंत्राने कुठपर्यंत पोहोचायचे, बाहेरच्याला काय दिसू द्यायचे, वीज गेल्यावर काय व्हायचे आणि पेटी जळाली तर दुसरी किती वेळात उभी करायची, हे त्याने ठरवलेले नसते. ते कार्यालयाने ठरवायचे असते. बहुतेक छोट्या कार्यालयांत ते कोणीच ठरवत नाही.

हे प्रकरण त्या उरलेल्या कामाविषयी आहे. उदाहरणादाखल नाशिकसारख्या शहरातले, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरचे कर सल्लागाराचे कार्यालय डोळ्यांसमोर ठेवू. माणसे दहा. आठ संगणक, त्यांतल्या एकावर सगळ्या अशिलांचा टॅलीचा डेटा. दोन प्रिंटर, हजेरीचे बायोमेट्रिक यंत्र, चार कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर. शिवाय प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या अशिलांचे मोबाइल. मोजायला बसले तर तीसच्या घरात साधने निघतात. महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचे ३-बी विवरणपत्र भरायचे असते आणि त्या दिवशी नेट गेले तर सगळे कार्यालय हातावर हात धरून बसते.

एका पेटीतली चार कामे

संगणकांच्या दोन जाळ्यांमध्ये बसून माहितीची पाकिटे योग्य दिशेला धाडणे हे राउटरचे मूळ काम. १९६९ मध्ये अमेरिकेत अर्पानेट सुरू झाले तेव्हा हे काम हनीवेल कंपनीच्या कपाटाएवढ्या संगणकांकडे होते. १९८० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात वेगवेगळ्या जातीची जाळी एकमेकांना जोडणारे राउटर तयार झाले आणि त्याच परिसरातून १९८४ मध्ये सिस्को कंपनी उभी राहिली. घरात आणि छोट्या कार्यालयात मावणारे, वाय-फायसह येणारे राउटर सर्रास दिसू लागले ते २००० नंतर.

आजच्या दीड-दोन हजार रुपयांच्या पेटीत प्रत्यक्षात चार यंत्रे एकत्र असतात. पहिला राउटर. दुसरा स्विच, म्हणजे मागच्या बाजूची चार भोके, ज्यांत संगणकांच्या वायरी लागतात. तिसरे वाय-फायचे प्रक्षेपण केंद्र. चौथा पत्ते वाटणारा आणि पहारा देणारा सॉफ्टवेअरचा भाग. बिघाड झाला की आपण ‘राउटर गेला’ म्हणून मोकळे होतो, पण या चारांपैकी नेमके काय गेले हे ओळखता आले तर निम्मा वेळ वाचतो.

यातले सर्वांत चतुर काम पत्त्यांच्या अदलाबदलीचे आहे. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते, म्हणजे आयपी आवृत्ती ४ चे, जास्तीत जास्त सुमारे ४२९ कोटी होऊ शकतात. ते पुरणार नाहीत हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसू लागले होते. म्हणून १९९४ मध्ये पत्ता-बदलाची, म्हणजे ‘नॅट’ची पद्धत मांडली गेली आणि १९९६ मध्ये काही पत्ते खासगी वापरासाठी कायमचे बाजूला काढण्यात आले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. म्हणूनच तुमच्या आणि शेजारच्या दवाखान्याच्या राउटरचा आतला पत्ता एकच असू शकतो आणि तरीही गोंधळ होत नाही. जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. त्यानंतरही जग चालू राहिले याचे बरेचसे श्रेय या युक्तीला आहे.

नॅट कसे चालते ते सरकारी कचेरीतल्या आवक-जावक नोंदवहीवरून समजते. आतल्या संगणकाने बाहेर पत्र पाठवले की राउटर त्यावर कार्यालयाचा एकच सार्वजनिक पत्ता टाकतो आणि कोणत्या टेबलावरून ते गेले याची जावक नोंद करतो. उत्तर आले की नोंद पाहून ते त्या टेबलावर पोहोचवतो. ज्याची जावक नोंदच नाही असे पत्र बाहेरून आले तर ते कोणाला द्यायचे हे त्याला माहीत नसते आणि तो ते टाकून देतो. छोट्या कार्यालयाला अनायासे मिळणारे पहिले संरक्षण हेच. पुढे आपण पाहू की बरीच कार्यालये स्वतःच्याच हाताने ते काढून टाकतात.

जागा आणि वायर

राउटर कुठे लावायचा हे बहुतेक वेळा फायबरची वायर कुठून आत आली यावर ठरते. खिडकीशेजारी, लोखंडी फायलिंग कपाटाच्या मागे, इलेक्ट्रिक मीटरच्या बाजूला. मग आतल्या केबिनमधून तक्रार येते की रेंज नाही. वाय-फायची लहर लोखंडातून जात नाही आणि जाड दगडी किंवा काँक्रीटच्या भिंतीत बरीच विरते. म्हणून राउटर कार्यालयाच्या मध्याजवळ, डोक्याच्या उंचीवर, मोकळ्यावर हवा. अँटेना उभा ठेवला तर लहर आडवी पसरते, एका मजल्यासाठी तेच योग्य. फायबरची वायर आणखी दहा मीटर आत आणायला सांगणे हे अगदी रास्त आहे. जोडणीच्या दिवशीच सांगावे. मात्र ती वायर काटकोनात वाकवू नये. तिच्या आत केसाएवढी काच असते आणि तीव्र वळणावर प्रकाश बाहेर गळतो.

जी साधने जागची हलत नाहीत ती सगळी वायरवर घ्यावीत: आठही संगणक, प्रिंटर, बायोमेट्रिक यंत्र, रेकॉर्डर. वाय-फाय ही सामायिक हवा आहे. एका वेळी एका चॅनेलवर एकानेच बोलायचे असते, बाकीच्यांनी थांबायचे. वायरवरच्या प्रत्येक यंत्राची वाट स्वतंत्र असते. एका मोठ्या फाइलच्या बॅकअपने सगळ्यांचे वाय-फाय रांगते, स्विचवर मात्र बाकीच्यांना त्याची कल्पनाही येत नाही. राउटरची चार भोके पुरणार नाहीत. सोळा पोर्टचा साधा गिगाबिट स्विच घेतला की प्रश्न मिटतो.

केबल कॅट-६ घ्यावी आणि ती शुद्ध तांब्याची आहे ना हे विचारावे. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल भरपूर मिळते. ती ठिसूळ असते आणि वर्ष-दोन वर्षांत कनेक्टरपाशी तुटते. एका सलग केबलची कमाल लांबी १०० मीटर, तेवढी छोट्या कार्यालयात लागत नाही. विजेच्या वायरींच्या पट्टीतूनच ती ओढू नये, वेगळी केसिंग-कॅपिंग करावी.

क्रिम्पिंग, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर बसवणे, झाल्यावर एक गोष्ट आवर्जून तपासावी. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. गिगाबिट वेगाला आठही लागतात, १०० मेगाबिटला फक्त चार पुरतात. त्यामुळे एखादी तार नीट बसली नाही तरी नेट ‘चालू’ राहते, फक्त वेग दहावा हिस्सा होतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग दिसतो. तिथे १०० लिहिलेले असेल आणि दोन्ही टोकांची यंत्रे गिगाबिटची असतील, तर त्या केबलचे टोक पुन्हा करून घ्यावे. काम करणारा माणूस समोर असतानाच हे पाहावे.

विजेचाही विचार इथेच करावा. फायबरची पेटी, राउटर आणि स्विच या तिघांना मिळून एखाद्या दिव्याएवढीच वीज लागते. त्यांना छोट्या यूपीएसवर घेतले तर वीज गेल्यावरही लॅपटॉपवरचे काम अडत नाही. तिघांपैकी एक जरी यूपीएसबाहेर राहिला तरी बाकी दोघांचा उपयोग नाही. गच्चीवरच्या किंवा शेजारच्या इमारतीतल्या कॅमेऱ्याकडे तांब्याची केबल गेलेली असेल तर जूनच्या वळवात वीज कडाडली की तिच्यावाटे येणारा धक्का स्विच आणि राउटर दोन्ही जाळू शकतो. दोन इमारती जोडायच्या तर फायबरच वापरावे. काचेतून विजेचा धक्का येत नाही.

दोन राउटर, एकच घोळ

आता सर्वांत जास्त आढळणाऱ्या घोळाकडे येऊ. कंपनीने दिलेली फायबरची पेटी, जिला तंत्रज्ञ ओएनटी म्हणतात, ती बहुतेकदा स्वतःच राउटर असते. कार्यालय तिला आपला नवा राउटर जोडते. म्हणजे एकापाठोपाठ दोन राउटर झाले, दोघेही पत्ते बदलतात, दोघेही पत्ते वाटतात. काही संगणक पहिल्यावर, काही दुसऱ्यावर. मग एका टेबलावरून प्रिंटर दिसतो, दुसऱ्यावरून दिसत नाही. दोघांचाही आतला पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर कधी नेट चालते, कधी नाही.

यावर दोन सरळ उपाय आहेत. एक, ओएनटी ‘ब्रिज मोड’वर टाकायला सांगावे. मग ती फक्त प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करते आणि राउटरचे सगळे काम आपला राउटर करतो. अशा वेळी कंपनीने दिलेले पीपीपीओईचे, म्हणजे जोडणीच्या लॉगिनचे, नाव आणि पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरावे लागतात, म्हणून ते आधीच लिहून घ्यावेत. दोन, ओएनटीलाच राउटर राहू द्यावे आणि नवी पेटी ‘अॅक्सेस पॉइंट मोड’वर ठेवून फक्त वाय-फायसाठी वापरावी. दहा माणसांच्या कार्यालयासाठी पहिला मार्ग चांगला, कारण मग नियंत्रण आपल्या हातात राहते आणि उद्या कंपनी बदलली तरी आतली मांडणी बदलत नाही.

पीपीपीओई जोडणीत एक बारीक तपशील आहे. तिच्या वेष्टणाला ८ बाइट लागतात, त्यामुळे पाकिटाची कमाल मर्यादा १५०० ऐवजी १४९२ होते. राउटरमध्ये हा आकडा चुकला तर बाकी सगळे चालते आणि नेमकी एखादीच साइट अर्धवट उघडून लटकते. असे दिसले तर साइटला दोष देण्याआधी हा आकडा पाहावा.

पहिला पासवर्ड

नवा राउटर इंटरनेटला लावण्याआधी एका संगणकाला वायरने जोडावा, ब्राउझरमध्ये पेटीखाली छापलेला पत्ता टाइप करावा आणि सर्वांत आधी व्यवस्थापनाचा पासवर्ड बदलावा. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा. वाय-फायचा पासवर्ड नेट वापरू देतो; हा पासवर्ड राउटरच्या सगळ्या सेटिंगची मालकी देतो.

‘अॅडमिन-अॅडमिन’ तसेच ठेवल्याने काय होते हे जगाने २०१६ मध्ये पाहिले. मिराई नावाच्या घातक प्रोग्रामकडे कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांची यादी होती, बाकी काही नाही. ती यादी चालवून त्याने लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच यंत्रांच्या फौजेने साइटच्या नावांचे पत्त्यांत रूपांतर करून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत तासन्‌तास मिळेनाशा झाल्या. जुलै २०१७ मध्ये भारतातही बीएसएनएलच्या ग्राहकांकडचे अनेक ब्रॉडबँड मोडेम अशाच सुटलेल्या पासवर्डमुळे घातक प्रोग्रामला बळी पडले आणि कंपनीला पासवर्ड बदलण्याचे आवाहन करावे लागले. ही यंत्रे ज्यांची होती त्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांनी एक पासवर्ड बदलला नव्हता.

पासवर्डनंतर लगेच फर्मवेअर, म्हणजे राउटरचे अंतर्गत सॉफ्टवेअर, अद्ययावत करावे. दुकानात सहा महिने पडून राहिलेल्या पेटीत सहा महिन्यांपूर्वीच्या त्रुटी असतात. मग ‘रिमोट मॅनेजमेंट’ बंद करावे, म्हणजे राउटरचे सेटिंग पान बाहेरच्या जगाला दिसणार नाही.

पत्त्यांची आखणी

राउटर प्रत्येक यंत्राला आपोआप पत्ता देतो. या सोयीला डीएचसीपी म्हणतात. पत्ता ठरावीक मुदतीचा असतो. वीज जाऊन आली की प्रिंटरला कधी नवा पत्ता मिळतो, संगणक जुन्याच पत्त्यावर त्याला शोधत राहतात आणि पडद्यावर ‘प्रिंटर ऑफलाइन’ येते. मग कोणीतरी प्रिंटर बंद-चालू करतो, ड्रायव्हर पुन्हा टाकतो, सकाळ जाते.

हे टाळायला आखणी लागते. कार्यालयासाठी १९२.१६८.१ ऐवजी, समजा, १९२.१६८.२५ ही मालिका घ्यावी. घरोघरी १९२.१६८.० किंवा १ असल्यामुळे उद्या कर्मचारी घरून व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून काढलेल्या खासगी वाटेने, कार्यालयाच्या जाळ्यात शिरला तर दोन्हीकडचे पत्ते एकच होऊन अडचण येते. वेगळी मालिका ती टाळते. या मालिकेत वापरण्याजोगे २५४ पत्ते मिळतात. राउटरला १, टॅलीच्या संगणकाला १०, प्रिंटरना २० आणि २१, बायोमेट्रिकला ३०, रेकॉर्डरला ४० असे पत्ते राखून ठेवावेत आणि १०० ते १९९ आपोआप वाटायला सोडावेत. राखीव पत्ते प्रिंटरमध्ये जाऊन भरण्यापेक्षा राउटरमधल्या ‘अॅड्रेस रिझर्वेशन’मध्ये भरावेत. सगळी नोंद एका ठिकाणी राहते.

वाय-फाय: दोन नावे, दोन वस्त्या

राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंती बऱ्यापैकी पार करते, पण तिथे गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण एका-दोन भिंतींत दमते. भारतात २.४ च्या पट्टीत १३ चॅनेल आहेत, मात्र ते एकमेकांवर चढलेले असतात. स्वच्छ वेगळे असे तीनच, १, ६ आणि ११. मोबाइलवरच्या वाय-फाय तपासणाऱ्या अॅपमध्ये शेजाऱ्यांचे चॅनेल दिसतात. या तिघांतला जो मोकळा असेल तो घ्यावा आणि २.४ ची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. जास्त रुंदी घेतली की शेजाऱ्यांचा गोंगाटही जास्त आत येतो.

सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-३ निवडावे. जुने प्रिंटर किंवा मोबाइल जोडले जात नसतील तर डब्ल्यूपीए-२. सर्वांत जुनी डब्ल्यूईपी पद्धत २००१ मध्येच फोडली गेली आहे. बटण दाबून किंवा आठ अंकी पिनने जोडून देणारी डब्ल्यूपीएसची सोय बंद करावी. तिची पिन दोन तुकड्यांत तपासली जाते, त्यामुळे फार तर ११ हजार प्रयत्नांत ती सापडते हे २०११ मध्ये उघड झाले.

त्यानंतर अशिलांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू करावे. त्याचे नाव आणि पासवर्ड वेगळे आणि त्यावरून आतल्या संगणकांकडे जाण्याची वाट बंद. बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये काय आहे हे आपल्याला माहीत नसते आणि टॅलीच्या संगणकावर शेकडो माणसांचे उत्पन्न, पॅन क्रमांक, बँक खाती असतात. या दोघांना एका जाळ्यात ठेवणे हा अशिलांच्या विश्वासाचा भंग आहे. कर्मचाऱ्यांचे मोबाइलही पाहुण्यांच्याच नेटवर्कवर असावेत. त्यांना प्रिंटर लागत नाही. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर वेगळा काढता आला, म्हणजे राउटरमध्ये वेगळी जाळी आखण्याची, व्हीलॅनची, सोय असली, तर तोही काढावा.

स्वतःच काढलेली खिंडारे

मालकाला घरी बसून कॅमेरे बघायचे असतात. कॅमेरेवाला राउटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करून देतो. म्हणजे बाहेरून अमुक क्रमांकावर काही आले की जावक नोंद नसतानाही ते थेट रेकॉर्डरकडे द्यायचे. पुढे कोणीतरी टॅलीचा संगणक घरून चालवायचा म्हणून विंडोजचे रिमोट डेस्कटॉप, क्रमांक ३३८९, तसेच उघडून देतो. त्या क्षणापासून तो संगणक साऱ्या जगासमोर पासवर्ड विचारत उभा असतो. खंडणीसाठी डेटा कुलूपबंद करणाऱ्या टोळ्या असे उघडे क्रमांक यंत्रांकरवी रात्रंदिवस शोधत असतात.

म्हणून नियम सोपा ठेवावा: बाहेरून आत येणारी कोणतीही वाट उघडायची नाही. घरून काम करायचे तर राउटरमधला व्हीपीएन वापरावा. यूपीएनपी बंद करावे, कारण त्यामुळे एखादे यंत्र आपल्या नकळत वाट उघडू शकते. अनेक ठिकाणी कंपनी ग्राहकांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देतच नाही, शेकडो ग्राहकांमागे एक देते. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल तर समजावे की आपण त्यांत आहोत. तिथे पोर्ट फॉरवर्डिंग चालतच नाही आणि व्हीपीएनसाठी स्टॅटिक आयपी मागून घ्यावा लागतो.

नेट गेले की

घाबरून सगळे बंद-चालू करण्याआधी क्रम पाळावा. ओएनटीवर ‘एलओएस’ दिवा लाल असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. बाहेर कुठेतरी वायर तुटली आहे, आत काहीही करून उपयोग नाही, थेट तक्रार नोंदवावी. दिवे ठीक असतील तर संगणकावरून राउटरला पिंग करावे, म्हणजे उत्तर येते का ते पाहणारा छोटा संदेश पाठवावा. उत्तर नाही तर दोष आपल्या केबलमध्ये, स्विचमध्ये किंवा राउटरमध्ये. उत्तर आले तर ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला पिंग करावे. तिथून उत्तर येते आणि साइट मात्र उघडत नाहीत, तर नावांचे पत्त्यांत रूपांतर करणारी डीएनएस यंत्रणा अडली आहे. राउटरमध्ये दुसरा डीएनएस भरला की काम होते. या तीन पायऱ्यांना दोन मिनिटे लागतात आणि फोनवर तक्रार करताना नेमके बोलता येते.

२० तारखेची भीती असेल तर दुसरे कनेक्शन घ्यावे आणि दोन वॅन पोर्टचा, म्हणजे बाहेरच्या दोन जोडण्या घेणारा, राउटर लावावा. एक गेले की तो आपोआप दुसऱ्यावर जातो. मात्र दोन्ही कंपन्यांच्या वायरी एकाच खांबावरून येत असतील तर रस्ता खोदणारा जेसीबी दोन्ही एकदम तोडतो. दुसरी जोडणी मोबाइल सिमवरची असेल तर हा धोका टळतो.

कागदावरचा राउटर

शेवटचे काम बसवण्याइतकेच महत्त्वाचे आहे. राउटरमधून सगळ्या सेटिंगची बॅकअप फाइल उतरवून घ्यावी. पेटी जळाली आणि त्याच मॉडेलची दुसरी आणली तर ती फाइल चढवून दहा मिनिटांत कार्यालय उभे राहते. एका कागदावर पत्त्यांची यादी, पीपीपीओईचे नाव, कंपनीचा ग्राहक क्रमांक आणि तक्रारीचा फोन लिहावा. पासवर्ड बंद पाकिटात, तिजोरीत. राउटरचे घड्याळ भारतीय वेळेवर आणि आपोआप जुळणारे ठेवावे, नाहीतर काही विपरीत घडल्यावर त्याच्या नोंदींतली वेळ निरुपयोगी ठरते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळे जुळवणे, नोंदी १८० दिवस ठेवणे आणि गंभीर सायबर घटना सहा तासांत कळवणे यांवर भर आहे तो याच कारणासाठी. कर्मचारी सोडून गेला की त्याच दिवशी वाय-फायचा पासवर्ड बदलावा. दर तीन महिन्यांनी फर्मवेअर पाहावे.

यातले कोणतेही काम अभियंत्याचे नाही. सेटिंग तंत्रज्ञाकडून करून घेता येतात, निर्णय मात्र आपलेच असायला हवेत. सुरुवात आजच करता येईल. आपल्या कार्यालयाच्या राउटरचा व्यवस्थापन पासवर्ड कोणाकडे आहे, एवढे विचारा. ‘बसवून गेला त्याच्याकडे’ असे उत्तर आले, तर त्याला बोलवा, शेजारी बसा, पासवर्ड बदलून घ्या आणि तो स्वतःच्या हाताने लिहून ठेवा.